जुगार, सट्टा आणि आपलं घर: मुंबईकर वारंवार विचारतात ते प्रश्न

गिरणगावातल्या चाळी, उपनगरातल्या सोसायट्या, बचत गट, मंडळांची कार्यालयं अशा ठिकाणी आम्ही जुगाराबद्दल बोलायला जातो. भाषण चालू असताना कोणी फारसं विचारत नाही. माइक बंद झाला, चहाचे कप गोळा झाले आणि लोक चपला घालायला लागले की हळूच कोणीतरी बाजूला घेतं. खरे प्रश्न तेव्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत.

जुगार हा आरोग्याचा प्रश्न कसा? तो तर माणसाच्या स्वभावाचा दोष.

पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक खात्याचा माणूस गच्चीवर चढतो, टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारतो. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी डेंग्यूने फणफणलेला असतो. त्याला जाऊन "डास चावूच कसा दिलास?" असं काही हा माणूस विचारत नाही. पेशंटवर उपचार होतातच, पण अळ्या टाकीत आहेत हे खात्याला ठाऊक असतं.

जुगाराकडे असं बघायला जगाला उशीर लागला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत तो 2013 मध्ये दारू आणि ड्रग्जच्या शेजारी आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो व्यसनांच्याच प्रकरणात आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरातला अंदाज मांडला: सुमारे 8 कोटी प्रौढांना जुगाराचा आजार, आणि त्यांना धरून जवळपास 45 कोटी लोकांना जुगाराचा कमी-अधिक त्रास. 45 कोटी माणसांचा स्वभाव एकाच वेळी बिघडला, असं मानायला मी तरी तयार नाही. टाकीत काय आहे ते बघावं लागेल.

गणपतीत जागरणाला आम्ही रात्रभर पत्ते खेळतो. आम्ही सगळे व्यसनी का?

नाही. पाच दिवस दहा-दहा रुपयांवर रमी खेळून विसर्जनानंतर पत्ते माळ्यावर टाकणारी माणसं आम्हाला अडवायची नाहीत. पण स्वतःला दोन प्रश्न विचारून बघा. पूर्वीइतक्या पैशांत मजा येत नाही म्हणून रक्कम वाढवत न्यावी लागली आहे का? किती खेळलो याबद्दल घरच्यांशी खोटं बोलावं लागलं आहे का? संशोधक प्राथमिक चाचणीला हेच दोन प्रश्न वापरतात. एकाचंही उत्तर "हो" आलं तर पुढे सविस्तर बोलायला हवं. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रश्नावर माणूस जरा थांबतो, आणि ते थांबणंच पुरेसं बोलकं असतं.

डॉक्टर नऊ लक्षणं बघतात: हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळणं, थांबवायला गेल्यावर चिडचिड, त्यापायी नोकरी किंवा नातं धोक्यात येणं वगैरे. वर्षभरात त्यांतली चार दिसली तर निदान होतं.

मटका तर कधीच संपला ना?

धंदा आटला, सवय राहिली. तरुणांना हा इतिहास माहीत नसतो म्हणून थोडा सांगतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईत यायचे आणि त्यांवर पैजा लागायच्या. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. ते भाव येणं बंद झाल्यावर काहीतरी दुसरं हवं होतं. 1962 मध्ये कल्याणजी भगतने वरळी मटका सुरू केला, 1964 मध्ये रतन खत्रीने न्यू वरळी. पत्त्यांतून तीन पानं काढायची. समजा 3, 5 आणि 6 आली. बेरीज 14, म्हणून ओपन चार. नंतर पुन्हा तीन: 1, 2, 8; बेरीज 11, म्हणून क्लोज एक. जोडी झाली एक्केचाळीस. पानवाल्याकडे, न्हाव्याकडे, गिरणीच्या गेटबाहेर चिठ्ठी लिहून मिळायची, अगदी थोड्या पैशांचीसुद्धा. गिरणगावात मटक्याने इतकं मूळ धरलं त्याचं कारण हेच. कामगार मूर्ख नव्हता. पगाराच्या वाटेवर दर पन्नास पावलांवर आकडा घेणारा बसला होता. आज ती वाट खिशातच आहे.

गणितात सांगा. नेमकं नुकसान कसं होतं?

आकडे दहा. बरोबर आला तर रुपयाला नऊ. म्हणजे शंभर जणांनी एकेक रुपया लावला तर ढोबळमानाने नव्वद परत जातात आणि दहा मटकेवाल्याकडे राहतात. जोडीचंही तेच: शंभर शक्यता, रुपयाला नव्वद. रोज शंभर रुपये ओपनला आणि शंभर क्लोजला लावणाऱ्याचे सरासरीने दिवसाला वीस रुपये जातात.

आता फोनवरचा रूलेट घ्या. चाकावर 37 घरं, नेम लागला तर 36 पट. शंभरामागे खेळवणाऱ्याकडे राहतात फक्त 2 रुपये 70 पैसे. मटक्यापेक्षा कितीतरी दिलदार वाटतं! पण मटका दिवसातून दोनदा लागायचा, आणि इथे अर्ध्या मिनिटाला एक फेरी. तासात 120 फेऱ्या, प्रत्येकी शंभर रुपये, म्हणजे बारा हजारांची उलाढाल आणि तासाला सरासरी 324 रुपये गेले. रात्री जेवण झाल्यावर दोनपर्यंत बसलं तर किती, ते तुम्हीच करा. खेळ किती वेगात चालतो यावर संशोधक एवढा भर का देतात, ते इथे कळतं. मटक्यात हरलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत थांबावंच लागायचं, आणि त्या वेळात राग निवायचा, बायको विचारायची, भूक लागायची. ॲपने मधली संध्याकाळच काढून टाकली.

पण बाबा वहीत चार्ट लिहितात. आठ दिवस चौका आला नाही, आज येणारच म्हणतात.

पत्त्यांना कालचं काही आठवत नाही. 1913 मध्ये मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर (चाकावरची घरं लाल-काळी असतात) सलग 26 वेळा काळा आला. "आता लाल येणारच" म्हणत लोक दर फेरीला रक्कम वाढवत राहिले आणि धुतले गेले. बाबांची वही फाडू नका, भांडण होईल. त्याच वहीत शेजारी आणखी एक रकाना आखायला सांगा: आज किती लावले, किती आले. महिनाभर प्रामाणिकपणे भरला तर तो रकाना आपल्यापेक्षा चांगलं बोलतो.

"अगदी थोडक्यात हुकलं" म्हणून पोरगा पुन्हा खेळतो. हे काय असतं?

थोडक्यात हुकणं म्हणजेही हरणंच, पण मेंदूला ते जिंकल्यासारखं लागतं. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसेल तर सवय सगळ्यात घट्ट बसते, हे प्रयोगशाळेतल्या कबुतरांवरही दिसून आलं आहे. यंत्रं आणि ॲप बनवणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक असतं.

2025 मध्ये ऑनलाइन पैशांचे खेळ बंद झाले ना? मग आता काळजी कसली?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. बँकांनी अशा व्यवहारांना हात लावायचा नाही. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण भीती वाटली की माणूस दवाखान्यात येत नाही. मोठी देशी ॲप्स पैशांच्या खेळातून बाहेर पडली. एक काळ असा होता की अशाच एका कंपनीचं नाव भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर होतं.

राहिली ती परदेशी संकेतस्थळं आणि 'आयडी', म्हणजे तिथल्या सट्ट्याच्या खात्याचं लॉगिन. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर कोणीतरी आयडी देतो, त्याच्या यूपीआयवर पैसे टाकले की शिल्लक दिसायला लागते. जिंकलेले पैसे अडकले तर दाद मागायला दार नाही. आणखी एक धोका कॉलेजच्या मुलांना आवर्जून सांगा: "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो." त्या खात्यातून सट्ट्याचे पैसे फिरतात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

पत्त्यांच्या अड्ड्याचं वेगळं आहे. तिथे 1887 चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो आणि अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते.

मग महालक्ष्मीचं रेसकोर्स आणि लॉटरी कायदेशीर कशी?

घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये म्हटलं. लॉटरी राज्य सरकार स्वतः चालवतं. महाराष्ट्राची 1969 पासून आहे. कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. तिकीट विकत घेताना कर्ज काढणाऱ्याच्या घरी तो फरक पोचत नाही.

आमचा मुलगा जुगार खेळत नाही, शेअर बाजारात 'ऑप्शन' करतो.

हा प्रश्न मुलुंड-ठाण्याकडे जास्त येतो. फ्युचर्स आणि ऑप्शन्स म्हणजे भाव वर जाईल की खाली यावरचे ठरावीक मुदतीचे सौदे. बाजारात दीर्घ मुदतीची गुंतवणूक आणि आठवड्याच्या एक्स्पायरीवर, म्हणजे ही मुदत संपण्याच्या दिवशी, फोन हातात घेऊन बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेबीने, म्हणजे बीकेसीत मुख्यालय असलेल्या बाजार नियामकाने, सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेला अभ्यास त्याला दाखवा: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर 100 व्यक्तींपैकी 93 जणांना तोटा झाला, एकूण 1 लाख 80 हजार कोटी रुपयांहून जास्त. तो "मी उरलेल्या सातांतला" म्हणेल. म्हणू दे. तुम्ही फक्त वर दिलेले दोन प्रश्न विचारा, रक्कम वाढवण्याचा आणि खोटं बोलण्याचा.

एक माणूस खेळतो, त्याचं नुकसान त्याचं. बाकीच्यांना काय?

ऑस्ट्रेलियातल्या संशोधनानुसार गंभीर जुगार खेळणाऱ्या एका माणसामागे सरासरी सहा जणांना झळ बसते. मुंबईत हे सहा जण मोजायला वेळ लागत नाही: बायको, दोन मुलं, आई, जामीन राहिलेला ऑफिसमधला मित्र आणि भिशी चालवणाऱ्या शेजारच्या काकू. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात जुगाराचा आजार असलेल्यांमध्ये आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण इतरांच्या सुमारे पंधरापट दिसलं. त्यामुळे "मी नसलो तर सगळ्यांची सुटका होईल" असं घरात कोणी बोललं तर ते वाक्य नाटक म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा, माणसाला एकटं ठेवू नका आणि 14416 या मानसिक आरोग्याच्या मोफत हेल्पलाइनला फोन लावा. जिवाला धोका आत्ताच दिसत असेल तर 112.

कोणत्या उपायांनी खरंच फरक पडतो?

नॉर्वेने 2007 मध्ये दुकानादुकानांतली जुगाराची यंत्रं काढून टाकली. लोक दुसरीकडे वळतील असं सगळे म्हणत होते. तिथल्या अभ्यासांत मोठ्या प्रमाणावर तसं दिसलं नाही, एकूण खेळणंच कमी झालं. पुढे जी यंत्रं आली ती कार्डावर चालणारी, तोट्याची मर्यादा बांधलेली. ब्रिटनने एप्रिल 2019 मध्ये बेटिंग दुकानांतल्या यंत्रांवरची एका डावाची कमाल रक्कम 100 पौंडांवरून 2 पौंडांवर आणली आणि पुढच्या वर्षी क्रेडिट कार्डाने जुगार खेळणं बंद केलं. म्हणजे वेग कमी करा, रक्कम कमी करा, उधारी तोडा, जाहिरात हटवा.

सगळ्यात कमी उपयोगाची गोष्ट म्हणजे सूचना. आठवतंय का, पैशांच्या खेळांच्या ॲपच्या जाहिरातीच्या शेवटी एका श्वासात म्हटलं जायचं, "या खेळात आर्थिक जोखीम असून सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा"? दम लागेल इतक्या वेगात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात जुगारात हरल्या जाणाऱ्या पैशांपैकी सुमारे 60 टक्के पैसा त्रासदायक पातळीवर खेळणाऱ्यांकडून येतो. सगळे खरोखर जबाबदारीने खेळायला लागले तर या धंद्याचा अर्ध्याहून जास्त गल्ला जाईल. म्हणून ती जबाबदारी खेळणाऱ्याच्या खांद्यावर टाकणं मला चलाखी वाटते.

शाळेत यावर बोलावं का?

बोलावं, पण एका भाषणावर भागवू नका. गणिताच्या तासाला वरचा रूलेटचा हिशोब मुलांकडून करून घ्या. नीतीच्या तासापेक्षा तिथे मुलं जागी असतात. लॅन्सेटच्या त्याच अहवालात ऑनलाइन कॅसिनो खेळणाऱ्या किशोरवयीनांपैकी 26.4 टक्क्यांना आजार असू शकतो असा अंदाज आहे; प्रौढांमध्ये हेच प्रमाण 15.8 टक्के.

घरात लक्षात कसं येतं? दारूचा वास येतो, याचा तर काहीच येत नाही.

बरोबर. एका बैठकीनंतर एक वहिनी बँकेचं स्टेटमेंट घेऊन आल्या होत्या. पेन्सिलने खुणा केलेल्या. रात्री 11.40 ला 500. 11.52 ला 500. 12.10 ला 1000. मग 2000, 2000, आणि 2.17 ला 180. त्या म्हणाल्या, "180 का, ते कळेना." खात्यात तेवढेच उरले होते.

तेव्हा गोल रकमा, रात्रीच्या वेळा, अनोळखी नावांचे यूपीआय आणि शेवटी तळ गाठणारा आकडा बघा. याशिवाय पगार झाल्यावर चौथ्या दिवशी उसनवारी, छोट्या कर्जाची ॲप्स, फोन उलटा ठेवायची सवय, दागिने "पॉलिशला" देणं. यांतलं एखादं कोणाच्याही घरात सापडेल. तीन-चार एकत्र दिसली तर बोला. बोलायची वेळ मात्र मॅच चालू असतानाची नको.

मुलाचं कर्ज आम्ही एकदाचं फेडून टाकतो. मग सुधारेल ना?

या पानावरचा सगळ्यात अवघड प्रश्न. आईवडील पीएफ मोडतात, गावची जमीन विकतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. कर्ज एकरकमी फिटलं की दडपण जातं, बाजारात पुन्हा पत तयार होते, आणि मनात खोल कुठेतरी बसतं की शेवटी कोणीतरी निस्तरतंच. म्हणून घाई करू नका.

आधी पूर्ण यादी. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून, वर्षातून एकदा संपूर्ण क्रेडिट अहवाल फुकट मिळतो. तो त्याच्याच फोनवर, त्याच्या शेजारी बसून काढा. बँका आणि नोंदणीकृत वित्तसंस्थांची कर्जं त्यात दिसतील. मित्र, सावकार, भिशी यांची नावं कागदावर लिहायला लावा. पहिली यादी अपुरीच असते, आठवड्याने पुन्हा बसा. मग हप्ते बांधून घ्या आणि ते त्याच्याच पगारातून जाऊ द्या, फक्त पैसे हाताळणारे हात काही काळ दुसऱ्याचे असू द्या. पगाराच्याच दिवशी घरखर्चाची रक्कम बायकोच्या किंवा आईच्या खात्यात आपोआप वळती करून घ्या. कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद करण्याची आणि मर्यादा घालण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे प्रत्येक बँकेत आहे. यूपीआयची मर्यादाही बँकेला विचारून खाली आणा. खोलीची कागदपत्रं, शेअर सर्टिफिकेट, सोनं त्याच्या हाताशी ठेवू नका. नव्या कर्जाला जामीन राहू नका. नवऱ्याच्या वैयक्तिक कर्जावर तुमची सही नसेल तर केवळ बायको म्हणून ते तुमच्यावर येत नाही.

हे सगळं त्याला सांगून, त्याच्यासमोर करा. चोरून पासवर्ड बदलणारं घर आणि चोरून खेळणारा माणूस यांची स्पर्धा लागते, आणि ती माणूसच जिंकतो.

वसुलीवाले धमक्या देतात. काय करायचं?

कर्ज बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं असेल तर वसुली एजंटाला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायची परवानगी नाही, नातेवाइकांना त्रास देण्याची तर नाहीच. आधी त्याच संस्थेकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ॲपवाले फोटो बदलून पाठवण्याची धमकी देत असतील तर सायबर हेल्पलाइन 1930. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि बुकीची बाकी? 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. बुकी कोर्टात जाणार नाही हे मलाही माहीत आहे. धमकी आली तर पोलीस ठाण्यात एकटे न जाता वकील किंवा ओळखीचा कार्यकर्ता बरोबर घ्या.

यावर औषध आहे का? मुंबईत जायचं कुठे?

मुख्य उपचार बोलण्याचा. समुपदेशक खेळण्याची ओढ कधी, कुठून येते ते माणसाबरोबर शोधतो आणि त्या क्षणासाठी दुसरं काहीतरी बसवून देतो. काहींना डॉक्टर नाल्ट्रेक्सोनसारखी गोळी देतात. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यांचेही उपचार चालतात. केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढताना खिडकीवर "जुगार" सांगायची लाज वाटत असेल तर "झोप लागत नाही" सांगा, डॉक्टरांना आत खरं सांगा. माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे. टेली-मानसच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

एक वेगळी गोष्ट. साठीच्या गृहस्थांना आयुष्यात कधी नव्हे तो अचानक जुगाराचा नाद लागला असेल तर कंपवाताची गोळी चालू आहे का ते बघा. त्या आजारावरच्या काही औषधांनी अशी ओढ लागू शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका, न्यूरॉलॉजिस्टला सांगा.

सुटल्यावर पुन्हा खेळला तर?

बहुतेकांचं एकदा तरी घसरतं. त्या रात्री किती हरला यापेक्षा किती दिवसांनी सांगितलं हे महत्त्वाचं. आधी वर्षाने कळायचं आणि आता दुसऱ्या दिवशी कळलं, तर उपचार चालू आहेत.

आमचं मंडळ काय करू शकतं?

वर्गणीच्या पुस्तकावर आणि मंडपाच्या फलकावर सट्ट्याच्या ॲपची जाहिरात घेऊ नका, नाव बदलून "न्यूज" किंवा "स्पोर्ट्स" म्हणून आली तरी. फलकाच्या कोपऱ्यात 14416 छापा. जागरणाला पत्ते असतीलच, तर पैशांऐवजी शेंगदाणे लावा. हसू नका, डोंबिवलीतल्या एका सोसायटीत तीन वर्षं चालू आहे आणि भांडणं तेवढीच जोरात होतात.

हे मी स्वतःसाठीच वाचतोय. रात्रीचा एक वाजलाय, आज बरेच गेले. आता काय करू?

आज ते परत मिळवायचे नाहीत, एवढंच ठरवा. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करा, दोन मिनिटं लागतात. आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा, तो ग्रुप सोडा. किती गेले तो आकडा कागदावर लिहा, गोल न करता. फार वाईट विचार येत असतील तर घरात जे कोणी झोपलेलं असेल त्याला उठवा, किंवा 14416 लावा; रात्रीही उचलतात. नाहीतर फोन चार्जरसकट स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून या आणि पाणी पिऊन झोपा. सकाळी चहा टाकायला जो उठेल, त्याच्या हातात तो कागद द्या.